अहिल्याबाईंचा दरबार इंदुरात नव्हता

इंदूरच्या मराठी घरांत वंशावळीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते: "आमचे मूळपुरुष अहिल्याबाईंच्या दरबारी, राजवाड्यात होते." कुलसंमेलनाच्या स्मरणिकांतही ते छापून येते. पुरावा विचारला की उत्तर मिळते, "आजोबा सांगायचे."

आजोबांवर कोणाचाही अविश्वास नाही. पण अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार केला तो महेश्वरहून. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटले, जाळले. होळकरांची राजधानी इंदुरात आली ती १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर. तेव्हा पूर्वज बाईंच्या चाकरीत असतील तर त्यांचे नाव महेश्वरच्या कागदांत शोधायला हवे. आणि ते इंदूरच्या दरबारातच होते असे म्हणायचे असेल, तर बहुधा दोन पिढ्या खाली उतरावे लागेल. १८१८ नंतर इथली कचेरी वाढली, १८७० च्या दशकात रेल्वे आली. नोकरीसाठी देशावरून, कोकणातून आलेला कारकून पूर्वज म्हणून काय वाईट?

"आमच्याकडे कागद आहे," असेही सांगतात. कागद असेल तर उत्तमच, पण तो नीट वाचलेला असावा. समजा, मोडी पत्राच्या शेवटी 'सुहूर सन इहिदे सबैन मया व अलफ' असे आहे. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, एकूण ११७१. पुष्कळ जण हा हिजरी सन धरून १७५७-५८ काढतात आणि घराणे पानिपतच्या आधी माळव्यात नेऊन बसवतात. हा सुहूर सन आहे, मृगाला बदलणारा. त्यात ५९९-६०० मिळवा, म्हणजे १७७०-७१ येते. पानिपत होऊन तोवर नऊ वर्षे उलटली होती! माळव्याच्या कागदांत विक्रम संवतही भेटतो. तो शक समजून वाचलात तर १३५ वर्षांची चूक ठरलेली.

आडनाव एक म्हणजे कूळ एक, हेही खरे नाही; फडणीस, चिटणीस, देशपांडे ही हुद्द्यांची नावे, ती अनेक घराण्यांनी लावली. छापील कुलवृत्तांत हा पुरावा नव्हे, पुराव्याकडे नेणारी वाट आहे. त्यातल्या प्रत्येक पिढीला आधार काय दिलाय ते पाहा. आपल्याकडे नोंदीच नव्हत्या, हे तर मुळीच ऐकून घेऊ नका. इंग्लंडात चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून, हे कौतुकाने सांगणाऱ्यांनी पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर एकदा पाहावे. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही सापडली, तर ते त्या साली तिथे आले होते एवढे पक्के. त्यांनी सांगितलेल्या वरच्या सात पिढ्या मात्र ऐकीवच.

सुरुवात घरातल्या सर्वांत जुन्या नोकरीच्या कागदापासून करा. मग शाळेचा दाखला, पेन्शनचा हुकूम, घराचे खरेदीखत. एकेक पिढी मागे जा आणि नाव, गाव, साल जुळेपर्यंत पुढचे नाव पेन्सिलीनेच लिहा.