४५५ की ७३५? एका जुन्या रिसीव्हरची ओळखपरेड

मागच्या महिन्यात अकोल्याहून एक धूड अमरावतीला आणलं. आरसीए कंपनीचा एआर८८, दुसऱ्या महायुद्धातला शॉर्टवेव्ह रिसीव्हर. १४ व्हॉल्व्ह, आणि वजन असं की उचलायला दोघं लागले. नावाची पट्टी गायब होती. विकणारा म्हणाला, "एआर८८डीच हाये भाऊ." मी मान डोलावली.

घरी येऊन 'डी'चं मॅन्युअल उघडलं. त्यात आयएफ, म्हणजे मधली वारंवारता, ४५५ किलोहर्ट्झ. सिग्नल जनरेटरने ४५५ दिले तर आवाज जेमतेम. वाटलं, इतक्या वर्षांत कॉइल सरकल्या असतील, फिरवून जुळवू. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, आणि तेवढ्यात डायलकडे नीट लक्ष गेलं.

आता हे आयएफ प्रकरण काय? असा रिसीव्हर कुठलंही स्टेशन पकडलं की आधी ते एका ठरावीक वारंवारतेवर आणतो. खरी गाळणी आणि वाढ तिथेच होते. अट एकच : ही वारंवारता आपण ऐकतो त्या पट्ट्यात नको. नाहीतर तिथला सिग्नल थेट आत घुसतो आणि शिट्ट्या सुरू होतात.

'डी' साधारण ५३५ किलोहर्ट्झपासून ३२ मेगाहर्ट्झपर्यंत सलग ऐकतो. ४५५ त्याच्या खाली राहते, म्हणून चालते. पण याच सेटचा भाऊ एआर८८एलएफ ७३ ते ५५० किलोहर्ट्झ ऐकतो, आणि मग एकदम १.४८ ते ३०.५ मेगाहर्ट्झ. त्याला ४५५ कशी चालणार? ती तर पट्ट्याच्या आतच. म्हणून एलएफची आयएफ ७३५ आहे, बरोबर मधल्या रिकाम्या जागेत. सीआर-९१ नावाने आलेल्या सेटमध्येही हीच मांडणी आहे. म्हणजे नाव वेगळं, पोट तेच.

माझ्या डायलवर ५५० नंतर थेट १.४८ होतं. जनरेटर ७३५ वर नेला, तर स्पीकर खणखणला. कॉइल जागच्या जागी होत्या, चूक माझ्या मॅन्युअलची होती. त्या फिरवल्या असत्या तर चांगला सेट मीच बिघडवला असता.

आपल्या वऱ्हाडात याची सोपी खूण सांगतो. डायलवर आकाशवाणी नागपूरचं ५८५ शोधा. जागा असेल तर 'डी', नसेल तर एलएफ. मात्र १५६६, जिथे नागपूरहून राष्ट्रीय वाहिनी लागायची, त्यावरून काही ठरत नाही. ते दोन्हींवर आहे. ओळख पटवायची तर दोघांत वेगळं असेल तेच तपासायचं.

लॅबमध्येही हेच करतो. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, नमुना आधी एक्स-रे डिफ्रॅक्शनला लावायचा, मग पुढचं बोलायचं. रेडिओच्या बाबतीत मात्र मी हे विसरलो होतो.

सेट आता छान चालतोय. फक्त नागपूरचं ५८५ त्यावर कधीच लागणार नाही. त्यासाठी आजीचा ट्रान्झिस्टर आहेच.