आरंभ ते उद्यापन

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, विक्रम संवत्सराचा प्रारंभ होतो, आणि ज्या पेढ्यांवर जुनी वहिवाट अद्याप पाळली जाते तेथे गतसालची रोजकीर्द व खतावणी बंद करून, शिल्लक बाकी पुढे ओढून, नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते. कालाच्या अखंड प्रवाहात असा एखादा बांध घालून ‘येथून पुढचे नवे’ असे म्हणण्याची मनुष्याची हौस फार पुरातन आहे. चैत्रातला गुढीपाडवा असो, हा दिवाळीचा पाडवा असो, किंवा इंग्रजी कालगणनेतील पहिला जानेवारी असो, त्या दिवशी साधासुधा मनुष्यही घटकाभर आपल्या आयुष्याचा कारभारी होऊन बसतो आणि मनाशी काही कलमे मुक्रर करतो: अर्धवट सुटलेली पदवी पुरी करावयाची, फडताळावर पडून असलेली बाजाची पेटी पुन्हा उघडावयाची, वाढलेले वजन उतरवावयाचे, मनात घोळत असलेले पुस्तक एकदाचे कागदावर आणावयाचे.

या कलमांची अंमलबजावणी पुढे कितपत होते, याचा पद्धतशीर तपास अमेरिकेत झालेला आहे. जॉन नॉरक्रॉस हे मानसशास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनी 1980 नंतरच्या दशकात नववर्षाचा संकल्प सोडणाऱ्या 200 व्यक्तींचा दोन वर्षेपर्यंत मागोवा घेतला. पहिला आठवडा संपला तेव्हा त्यांतील 77 टक्के लोक आपल्या शब्दाला जागलेले होते. दोन वर्षांनी हे प्रमाण 19 टक्क्यांवर आले होते. आरंभशूरत्वाचा दोष एकट्या आपल्याच माथी मारण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती निराधार आहे हे यावरून दिसून येईल. परंतु याच नॉरक्रॉस यांची 2002 साली प्रसिद्ध झालेली दुसरी पाहणी अधिक विचारणीय आहे. आपल्या वागणुकीत अमुक बदल व्हावा अशी इच्छा असणाऱ्या माणसांचे त्यांनी दोन गट पाहिले: एकाने नववर्षाला तसा संकल्प केला होता, दुसऱ्याने तो केलेला नव्हता. सहा महिन्यांनंतर संकल्प करणाऱ्यांपैकी 46 टक्के लोक यशस्वी राहिले होते, आणि न करणाऱ्यांपैकी अवघे 4 टक्के. अर्थात संकल्प हा पुष्कळदा मोडतो हे जितके खरे, तितकेच संकल्पावाचून नुसती इच्छा बहुधा कोठेच पोहोचत नाही, हेही खरे.

नव्या आरंभाच्या दिवसाला अंगचे बळ असते, याचाही पुरावा आता उपलब्ध आहे. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन व जेसन रिस या संशोधकांनी 2014 साली दाखवून दिले की, आठवड्याच्या, महिन्याच्या व वर्षाच्या प्रारंभी, तसेच शैक्षणिक सत्राच्या आरंभी, लोक व्यायामशाळेत अधिक संख्येने जातात आणि आहारनियमनाविषयीची माहिती अधिक प्रमाणात धुंडाळतात. अशा दिवशी मनुष्य आपल्या गतकाळच्या चुका मागील खात्यावर टाकतो आणि आजचा आपण कोणी निराळा आहो असे मानून उमेदीने पुढे पाहतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मुहूर्त पाहणाऱ्या आपल्या पूर्वजांना या मनोव्यापाराची ओळख असली पाहिजे. मात्र मुहूर्ताचे बळ त्या दिवसापुरते. आश्विन-कार्तिकातला उत्साह मार्गशीर्षात ओसरतो आणि पौषात त्याचे नावनिशाण उरत नाही. मग मनुष्य ‘प्रेरणा’ हरवली म्हणून हळहळतो, ती परत येण्याची वाट पाहत बसतो, आणि त्या प्रतीक्षेत सबंध वर्ष तहकूब होते.

मला जे मनःपूर्वक सांगावयाचे आहे ते येथेच. प्रेरणा आधी आणि कार्य नंतर, हा आपण गृहीत धरलेला क्रम व्यवहारात क्वचितच आढळतो. थोडे का होईना पण नियमाने हातून घडलेले कार्यच उत्साहाला जन्म देते, आणि म्हणून ज्याला वर्षभर उत्साह हवा असेल त्याने उत्साह नसलेल्या दिवशीही चालेल असा नेम प्रथम बांधला पाहिजे.

असे नेम बांधण्याची विद्या आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. आषाढ शुद्ध एकादशीला चातुर्मास बसतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला तो संपतो. दिवाळीच्या सुमारास अनेक घरांतील नेम समाप्तीला आलेले असतात. त्यांतील लाख वातींचा नेम जवळून पाहण्यासारखा आहे. एक लक्ष हा आकडा ऐकताच छाती दडपावी. परंतु नेम धरणारी गृहिणी त्या लक्षाकडे पाहत नाही. दुपारची जेवणे आटोपली, ओटा आवरला, की ती देवघराशेजारी पाट मांडते, सरकी काढलेल्या कापसाचा पेळू पुढ्यात घेते, बोटांना चिमूटभर भस्म लावते आणि वाती वळू लागते. शंभर झाल्या की जुडी बांधून डब्यात टाकते. चार महिन्यांच्या सुमारे 120 दिवसांवर लक्षाची वाटणी केली की रोजच्या वाट्याला आठशे-साडेआठशे वाती येतात, म्हणजे आठ-नऊ जुड्या. एखाद्या दिवशी पाहुणे आले, अंगात कणकण आली, तर राहिलेली जुडी दुसऱ्या दिवशी भरून काढावयाची. नेम मोडला म्हणून डबा फेकून द्यावयाचा नाही. शेजारच्या चार घरांना या नेमाची वार्ता असते, म्हणून कोणी ना कोणी ‘कितीवर आलं हो काकू?’ असे विचारतेच. आणि मुदत पुरी झाली की उद्यापन होते: सवाष्ण जेवू घातली जाते, वाती देवापुढे प्रज्वलित होतात, आणि हाती घेतलेले काम विधिपूर्वक संपते.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी राहू द्यावा. या नेमाची रचना मात्र प्रत्येकाने अभ्यासावी अशी आहे. कृती निश्चित आहे, वेळ व जागा ठरलेली आहे, मोजदाद डोळ्यांपुढे आहे, चार माणसे साक्षीला आहेत, आणि मुदत बांधलेली आहे. आपले नववर्षाचे संकल्प बहुधा याच्या नेमके उलट असतात. ‘यंदा प्रकृतीकडे लक्ष द्यावयाचे’ या वाक्यात कृती नाही, वेळ नाही, जागा नाही आणि अखेरही नाही. मग ते पाळले गेले की नाही, याचा निवाडा तरी कोणत्या आधारावर करावा?

वेळ आणि जागा आधी ठरविण्याचे महत्त्व किती आहे, हे पीटर गोलविट्झर व व्हेरोनिका ब्रान्डश्टेटर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून स्पष्ट झाले. नाताळची संध्याकाळ आपण कशी घालविली याचा वृत्तांत दोन दिवसांच्या आत लिहून पाठवावयाचा, असे काम त्यांनी विद्यार्थ्यांना नेमून दिले. ज्यांना हे काम आपण केव्हा व कोठे बसून करणार हे आगाऊ लिहून द्यावयास लावले होते, त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांशांनी ते वेळेत पुरे केले. इतरांपैकी सुमारे एक-तृतीयांशांनीच. सुटीची धांदल दोघांचीही सारखीच होती; भेद इतकाच की पहिल्या गटाला ऐन वेळी नव्याने काही ठरवावे लागले नाही.

अशी कृती अंगवळणी पडावयास किती काळ लागतो, याचेही उत्तर मिळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 96 जणांनी भाग घेतला होता. दररोजच्या एखाद्या ठरीव प्रसंगाला जोडून त्यांनी एक नवी कृती 12 आठवडे केली. कोणी न्याहारीनंतर पेलाभर पाणी प्यायले, कोणी रात्रीच्या जेवणापूर्वी धावावयास गेले. कृती आपसूक होऊ लागण्यास लागणारा काळ गणिताने काढता तो साधारणपणे 66 दिवस भरला, पण माणसामाणसांत तो 18 पासून 254 दिवसांपर्यंत कमीजास्त होता. एकवीस दिवसांत कोणतीही सवय जडते असे जे सर्रास सांगितले जाते त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होणाऱ्याने हे आकडे ध्यानात ठेवावेत. त्याच अभ्यासात असेही आढळले की, मध्ये एखादा दिवस खंड पडल्याने सवय जडण्याच्या क्रियेत म्हणण्यासारखा बिघाड होत नाही. काकूंची राहिलेली जुडी दुसऱ्या दिवशी भरून निघते, ती अशी.

आता प्रश्न उरतो तो ध्येय कोणते निवडावे याचा. एडवर्ड डेसी यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कोडी सोडविण्यात मुळातच रमणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याबद्दल पैसे दिले आणि पुढे पैसे बंद केले, तेव्हा फावल्या वेळात ती कोडी हाती घेण्याची त्यांची ओढ पूर्वीपेक्षा कमी झालेली दिसली. बाहेरच्या मोबदल्यावर उभे केलेले काम मोबदल्याबरोबरच खचते. लोक वाहवा करतील म्हणून, भावाने केले म्हणून, किंवा शेजाऱ्यांत उठून दिसावे म्हणून घेतलेले ध्येय पौषाच्या पहाटे अंथरुणातून उठविण्यास असमर्थ ठरते. जे काम करताना आपले आपल्याला बरे वाटते, किंवा ज्याचे प्रयोजन आपल्या अंतःकरणाला पटलेले असते, तेच टिकते.

कोकणच्या दापोली परिसराने या दृष्टीने दोन चरित्रे आपल्यापुढे ठेवलेली आहेत. धोंडो केशव कर्वे हे मुरुडचे. 1875 च्या सुमारास सरकारी परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा भर पावसात डोंगर-घाट ओलांडीत सुमारे 110 मैल पायी साताऱ्यास गेला आणि तो वयाने लहान दिसतो या सबबीवर परीक्षामंडळाने त्याला परत पाठविले. दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात ही हकीकत कायमची तक्रार होऊन राहिली असती. कर्व्यांनी पुढे ती परीक्षा दिली, मॅट्रिक होईपर्यंत वयाची 23 वर्षे उलटली, 1891 साली ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले, आणि 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रमाची संस्था काढली. आश्रम हिंगण्याला गेल्यावर दिवसा पुण्यात अध्यापन आणि मग हिंगण्याची पायपीट, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. महिला विद्यापीठ स्थापन झाले ते 1916 साली, त्यांच्या वयाच्या 58 व्या वर्षी. आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचे नवे कार्य त्यांनी अंगावर घेतले ते 1936 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. ‘आता वय झाले’ या सबबीचा निकाल लावावयास एवढे एक चरित्र पुरेसे आहे.

दुसरे पांडुरंग वामन काणे. मुंबईच्या हायकोर्टात वकिली करणाऱ्या या पंडितांनी नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध करीत असता, तिला जोडण्यासाठी धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा त्रोटक इतिहास लिहावा एवढेच योजिले होते. ते टिपण वाढत गेले, आणि त्यातून ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा पाच खंडांचा, साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठांचा इंग्रजी ग्रंथ निर्माण झाला. पहिला खंड 1930 साली निघाला तेव्हा ते पन्नाशीत होते. शेवटचा भाग 1962 साली निघाला तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. साडेसहा हजार पृष्ठे लिहावयाची असा संकल्प त्यांनी पहिल्या दिवशी सोडला असता तर लेखणी उचलण्याचेच धैर्य कदाचित झाले नसते. हातचे टिपण नीट पुरे करावे एवढाच त्यांचा प्रारंभीचा हेतू होता, आणि त्या टिपणाने पुढची वाट दाखविली. कर्वे यांना 1958 साली व काणे यांना 1963 साली भारतरत्न हा किताब मिळाला. परंतु तो मिळेल अशा आशेने साठ-साठ वर्षे कोणी खपत नसतो.

म्हणून यंदाच्या पाडव्याला वाचकाने एवढेच करावे. मनात गर्दी करणाऱ्या दहा इच्छांपैकी खरोखर आपली अशी एक निवडावी. तिची रोजची कृती इतकी लहान करावी की थकल्या दिवशीही ती टाळण्यास सबब सापडू नये: दहा ओळींचे लेखन, पेटीवर एका रागाचे आरोह-अवरोह, गावाच्या वेशीपर्यंत चालणे. ती कोणत्या कामानंतर व कोणत्या जागी करावयाची हे कागदावर लिहावे. एका वहीत रोजकीर्दीप्रमाणे तिची नोंद ठेवावी आणि चुकलेल्या दिवसाचे रकाने प्रामाणिकपणे कोरे सोडावेत, कारण रिकामा रकाना झाकला की सबंध हिशेब खोटा होतो. घरातल्या एका तरी माणसाला त्या वहीची माहिती असू द्यावी. आणि मुदत वर्षाची न घेता चार महिन्यांची घ्यावी. ती संपली की घरच्यांना गोडधोड करून घालून त्या नेमाचे उद्यापन करावे, मग हवे तर नवा नेम धरावा.

वर्षाचे तीनशे दिवस अगदी सामान्य असतात. त्यांना ना सण असतो ना मुहूर्त. आयुष्यात जे काही उभे राहते ते बहुतांशी याच दिवसांत उभे राहते, आणि त्यांना पुरेल एवढा साधा नेम ज्याने आज बांधला, त्याला प्रेरणेच्या दारी तगादा लावण्याची वेळ येत नाही. काम रंगात आले की ती आपल्या पायांनी त्याच्या घरी येते.