असईचे रण आणि विलायती कुंचला

पूर्वेकडील देश म्हटला की गारुडी, जनानखाना, हमामखाना आणि पेंगणारे पहारेकरी, ही समजूत एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रकारांनी दृढ केली. फ्रेंच चित्रकार अँग्र तर पूर्वेला कधी गेलाच नव्हता. तरीही 'तुर्की स्नानगृह' (१८६२) रंगविताना त्याचा कुंचला कोठे अडखळला नाही. एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) या ग्रंथानंतर या चित्रांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, हे योग्यच झाले.

परंतु हा सारा तुर्कस्तान-अल्जीरियाचा मामला आहे, असे जालना जिल्ह्यातील वाचकाने मानू नये. भोकरदनच्या पूर्वेस, केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांवर विजय मिळविला. या लढाईचे सर्वपरिचित रंगीत चित्र विल्यम हीथचे. ते स्टॅडलरने छपाईसाठी कोरले. लढाई झाली तेव्हा हीथ इंग्लंडात आठ-नऊ वर्षांचा पोर होता! पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून वेलस्ली ऊर्फ वेलिंग्टन गाजला आणि त्याच्या पराक्रमाच्या चित्रांना तिकडे बाजारपेठ मिळाली. अशा चित्रांतला नायक आधीच ठरलेला असतो. समोरचा शत्रू कोण, कसा, याची चौकशी गिऱ्हाईक करीत नाही.

वस्तुतः असईत वेलस्लीसमोर उभा होता तो काही झुली घातलेल्या हत्तींचा दरबारी लवाजमा नव्हे. कवायती पलटणी होत्या. त्यांचे नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाकडे होते. शिंद्यांच्या पितळी तोफा आपल्या सैन्यात वापरण्याजोग्या आहेत, असा निर्वाळा खुद्द वेलस्लीने दिला. नव्वदाहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या खऱ्या, पण त्यांवरील गोलंदाज सहजासहजी हटले नाहीत. काहीजण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे सरकताच उठून त्यांनी तिच्या पाठीवर गोळे डागले. इंग्रजांकडील मृत, जखमी व बेपत्ता मिळून आकडा दीड हजारांवर गेला. उतारवयात वेलिंग्टनला त्याची सर्वोत्तम लढाई विचारली, तेव्हा त्याने वॉटर्लू नव्हे, असईच सांगितली.

त्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. सेनापतीचे चित्र मात्र पुस्तकापुस्तकांतून छापले जाते. जिल्ह्यातील शिक्षकांनी ते चित्र वर्गात अवश्य दाखवावे. नंतर मुलांना नदीकाठी न्यावे. पिंपळगाव आणि वरूड ही गावे पाण्याच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दिसली, त्यावरून येथे उतार असलाच पाहिजे, हे वेलस्लीने ताडले होते. तो उतार मुलांनी स्वतः शोधावा आणि मग त्या रणाचे चित्र आपल्या हाताने काढावे.