डॉक्टरांआधी भेटतो तो दवाखाना

नव्या वस्तीत राहायला गेलेल्या कुटुंबाला किराणा दुकान आणि शाळा यांच्याइतकीच निकड असते ती चांगल्या डॉक्टरांची. शेजारीपाजारी विचारून दोन-तीन नावे हाती येतात आणि त्यांतील एका दवाखान्याची पायरी चढली जाते. डॉक्टरांचे निदान किती अचूक, त्यांचा अनुभव किती, हे पहिल्याच भेटीत रुग्णाला कळण्याचा मार्ग नसतो. त्याला दिसतो तो दवाखाना: बाकडी, पंखा, भिंती, कंपाउंडरची नजर आणि बसलेली गर्दी. जे दिसत नाही त्याचा अंदाज माणूस जे दिसते त्यावरून बांधतो. त्यामुळे दवाखान्याची मांडणी हा केवळ सजावटीचा विषय राहत नाही. रुग्ण पुन्हा येणार की नाही, आणि आला तर आपले दुखणे मोकळेपणाने सांगणार की नाही, हे पुष्कळदा तिथेच ठरते.

इतर व्यावसायिकांना खुला असलेला जाहिरातीचा मार्ग डॉक्टरांना जवळजवळ बंद आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे हे अनैतिक वर्तन ठरते. व्यवसाय सुरू करणे, पत्ता बदलणे, काही काळ अनुपस्थित राहणे किंवा पुन्हा काम सुरू करणे, अशा मोजक्या प्रसंगी वृत्तपत्रात औपचारिक निवेदन देण्याची मुभा आहे. दवाखान्याची पाटीही अवाजवी मोठी नसावी आणि तिच्यावर नाव, पदवी, विशेषज्ञता, नोंदणी क्रमांक अशा मजकुरापलीकडे काही नसावे, असे हे नियम सांगतात. २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेली नवी नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू करण्यात आले. अशा स्थितीत नव्या रुग्णाला आश्वस्त करण्याचे सन्मान्य साधन उरते ते म्हणजे आलेल्या रुग्णाची नीट घेतलेली दखल. डॉक्टर पहिला शब्द बोलण्याआधीच ही दखल त्यांची खोली घेत असते, किंवा घेत नसते.

वास्तूचा रुग्णावर होणारा परिणाम

रुग्णाच्या भोवतालचा विचार नवा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये लिहिलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात स्वच्छ हवा आणि उजेडाइतकेच महत्त्व शांततेला दिले होते. रुग्णाच्या कानावर अर्धवट पडणारी कुजबुज त्याला सर्वाधिक त्रास देते, हे त्यांचे निरीक्षण आजच्या दवाखान्यांनाही तंतोतंत लागू पडते.

फिनलंडमधील पाइमिओ येथे १९३३ मध्ये पूर्ण झालेले क्षयरोग्यांचे रुग्णालय वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासाला असते. वास्तुशिल्पी आल्व्हार आल्टो यांनी तिथल्या खोल्यांचा विचार उभ्या माणसाच्या नव्हे, तर पडून असलेल्या रुग्णाच्या नजरेतून केला. त्याला दिवसभर छतच दिसणार, म्हणून छताला शांत हिरवट रंग दिला आणि दिवे डोळ्यांवर येणार नाहीत असे बसवले. शेजारच्या खाटेवरील रुग्णाची झोप मोडू नये म्हणून हात धुण्याचे भांडेही पाण्याचा आवाज होणार नाही अशा आकाराचे घडवले.

अशा कल्पनांना आकडेवारीचा आधार १९८४ मध्ये मिळाला. अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांतील निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, तर निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास लहान आहे आणि रुग्णालयात राहिलेल्या रुग्णांचा आहे, त्यामुळे कुंडी ठेवली की रुग्ण बरा होतो, असा अर्थ त्यातून कुणी काढू नये. मात्र २००८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यूयॉर्कमधील बाह्यरुग्ण विभागांची पाहणी केली, तेव्हा प्रतीक्षेची जागा जितकी प्रसन्न तितकी रुग्णांची चिंता कमी आणि सेवेविषयीचे मत चांगले, असा संबंध त्यांना आढळला.

वाट पाहण्याचे मानसशास्त्र

आपल्याकडच्या दवाखान्यात रुग्णाचा डॉक्टरांसमोर जाणारा वेळ थोडा आणि बाहेर बसण्यात जाणारा वेळ फार. रांगेत थांबणाऱ्या माणसाच्या मनाचा वेध घेणारा डेव्हिड मेस्टर यांचा १९८५ मधील लेख या बाबतीत मूलभूत मानला जातो. रिकामे बसलेल्याला वेळ लांबल्यासारखा वाटतो. किती थांबायचे हे ठाऊक नसेल तर तो अधिक लांबतो. उशिराचे कारण सांगितले नाही तर आणखी लांबतो. आणि मनात धास्ती असेल, तर प्रत्येक मिनिट जड होते. दवाखान्यात या चारही गोष्टी एकत्र येतात.

यावरचे उपाय साधे आहेत. दारात क्रमांकाचे टोकन द्यावे आणि आत कितवा क्रमांक चालू आहे ते सर्वांना दिसेल असे लिहावे. डॉक्टर तातडीच्या रुग्णाकडे गेले असतील, तर कंपाउंडरने ‘येतीलच एवढ्यात’ असे न म्हणता ‘पाऊण तास लागेल’ असे सांगावे. मग रुग्ण समोरच्या दुकानात जाऊन येतो किंवा मोबाइलवर कळवा म्हणून घरी जातो. नंबर नसलेला ओळखीचा माणूस थेट आत शिरला की बाहेरच्यांचा विश्वास ढळतो. तातडीच्या रुग्णाला आधी घेतले जाईल, अशी पाटी लावून त्याचे कारण आधीच सांगितलेले बरे.

भिंतीवर काय आहे, यालाही महत्त्व आहे. औषध कंपन्यांनी दिलेली, सडलेल्या फुप्फुसाची आणि तुंबलेल्या रक्तवाहिनीची चित्रे तासभर पाहत बसलेला रुग्ण आत जातो तेव्हा त्याचा रक्तदाब वाढलेला दिसला, तर नवल नाही. मोठ्या आवाजातील वृत्तवाहिनीचेही तेच. त्यापेक्षा रस्त्याकडची उघडी खिडकी, एखादे झाड किंवा मुलांसाठी चार चित्रांची पुस्तके अधिक उपयोगी ठरतात.

भिंतीला कान असतात

शहरातील लहान गाळ्यात प्लायवूडचे विभाजन टाकून दवाखान्याचे दोन भाग केले जातात. हे विभाजन बहुधा छतापर्यंत जात नाही. आतला संवाद बाहेर बसलेल्या दहा जणांना ऐकू येतो, त्यांत शेजारी असतो, दूरचा नातेवाईक असतो, कधी होणाऱ्या सुनेची मावशीही असते. पाळीच्या तक्रारी, मूल न होणे, गुप्तरोग, दारूचे व्यसन, मनाचे आजार यांपैकी काहीही अशा खोलीत बोलले जात नाही. रुग्ण ‘अशक्तपणा वाटतो’ एवढेच सांगून टॉनिक घेऊन परततो आणि खरा आजार वाढत राहतो.

कंपाउंडरने सगळ्यांसमोर ‘काय होतंय?’ असे विचारणे हाही त्याचाच प्रकार. विभाजन छतापर्यंत नेणे, दाराला खालपर्यंत फळी लावणे, नोंदणीच्या टेबलापासून पहिली खुर्ची चार-पाच फूट दूर ठेवणे आणि तक्रार तोंडी न विचारणे, एवढ्याने पुष्कळ साधते. बाहेर मंद आवाजात संगीत असेल, तर आतले शब्द त्यात विरून जातात. स्त्री रुग्णांसाठी तपासणीच्या खाटेभोवती पूर्ण पडदा हवा, हे वेगळे सांगायला नको. तरीही तो अनेक ठिकाणी अर्धाच असतो.

वातानुकूलित सोय, पण हवेचे काय?

काचेचे दार आणि वातानुकूलन ही आधुनिक दवाखान्याची ओळख झाली आहे. पण भिंतीवरचे नेहमीचे स्प्लिट यंत्र खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडते, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. क्षयरोगाचे ओझे मोठे असलेल्या आपल्या देशात खोकणाऱ्या आणि न खोकणाऱ्या रुग्णांनी बंद खोलीत तासभर एकच हवा घेणे धोक्याचे आहे. कोविडच्या साथीने हे सर्वांना शिकवले, तरी आता त्याचा विसर पडू लागला आहे.

पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांमध्ये झालेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे उद्बोधक ठरतो. दारे-खिडक्या उघडल्यावर खोलीतील हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. अतिजोखमीच्या खोल्यांसाठी यंत्राद्वारे किमान १२ वेळा हवा बदलावी असा दंडक आहे, त्याच्या हे दुपटीहून अधिक. त्यातही उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या पन्नास वर्षांहून जुन्या इमारतींमध्ये हे प्रमाण ४०, तर नव्या इमारतींमध्ये १७ होते. आपल्या जुन्या धर्मार्थ दवाखान्यांची उंच छते आणि झडपांच्या खिडक्या जुनाट म्हणून हिणवण्याआधी हे ध्यानात घ्यावे. नव्या गाळ्यात निदान समोरासमोर दोन उघडी तोंडे, मागे हवा बाहेर फेकणारा पंखा आणि खोकणाऱ्यांसाठी उघड्या खिडकीजवळची जागा, एवढी तजवीज करता येते.

पायरी, चप्पल आणि खुर्ची

दवाखान्यात येणारा माणूस धडधाकट नसतो, हे मांडणी करणारे विसरतात. गुडघेदुखीच्या रुग्णाला खोल गादीचा सोफा आरामाचा नसतो. त्यातून उठताना हाताला धरून ओढावे लागते. साधारण दीड फूट उंचीची, हातांची, टणक बैठकीची खुर्ची त्याला सोयीची. दारातल्या दोन पायऱ्यांशेजारी उतार करायचा, तर एक फूट चढासाठी बारा फूट लांबी हवी. त्याहून उभ्या उतारावर चाकाची खुर्ची ढकलणे कठीण होते. चढाला कठडा आणि दाराला सुमारे तीन फुटांची मोकळी रुंदी हवी.

‘चपला बाहेर काढा’ ही पाटी स्वच्छतेसाठी असते. पण जुन्या मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असते आणि त्यांना अनवाणी न चालण्याचा सल्ला डॉक्टरच देतात. त्यांच्यासाठी आत घालायच्या स्वच्छ सपाता आणि चप्पल काढण्यापुरते एक स्टूल ठेवावे. स्वच्छतागृह नसलेल्या दवाखान्यात गर्भवती, वृद्ध आणि मधुमेही रुग्ण दोन तास कसे काढत असतील, याचाही विचार व्हावा.

झगमगाटाची भीती

सुंदर दवाखाना सर्वांनाच बोलावतो असे नाही. संगमरवरी फरशी आणि झुंबर पाहून रिक्षाचालक किंवा घरकाम करणारी बाई दारातूनच परतते. इथली फी आपल्याला परवडणार नाही, असा निष्कर्ष तिने फरशीवरूनच काढलेला असतो. डॉक्टरांनी आपले शुल्क फलकावर स्पष्ट लावावे, असे २००२ च्या नियमांतच आहे. हा फलक मराठीत, दारातून वाचता येईल असा लावला तर हा संकोच दूर होतो. स्वागत म्हणजे थाट नव्हे. येणाऱ्याला आपण येथे चालतो असे वाटणे, एवढाच त्याचा अर्थ.

यांतील बहुतेक सुधारणांना वास्तुसजावटकाराची गरज नाही. टोकन, फलक, स्टूल आणि खिडकी यांचा खर्च मोठा नाही. विभाजन छताला भिडवणे हे सुताराचे एका दिवसाचे काम. सुरुवात कुठून करावी असा प्रश्न पडलेल्या डॉक्टरांनी एका संध्याकाळी तपासणीच्या वेळेत, दुसऱ्या कुणाला आत बसवून, बाहेरच्या कोपऱ्यातील खुर्चीवर तासभर बसून पाहावे. काय ऐकू येते, काय दिसते, हवा कशी आहे आणि उठताना कशाचा आधार लागतो, हे त्यांना कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालाहून नेमके कळेल.