अजाच्या दारातून परतलेला निरोप

भाद्रपद वद्य पक्ष लागला की आमच्या गोदाकाठी रामकुंडावर पहाटेपासून माणसांची रीघ लागते. कोणी अस्थिकलश उराशी धरून आलेला असतो, कोणी दर्भ आणि तिळांची पुडी घेऊन. गेली चाळीस वर्षे आम्ही ही माणसे जवळून पाहत आलो आहोत. कर्म आटोपून पायऱ्या चढताना पुष्कळांचा चेहरा निवळलेला असतो. काहींचा मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्यांच्या लेखी ती एकच तिथी चालू असते. आज सर्वपित्री अमावास्येच्या निमित्ताने या दुसऱ्यांविषयी लिहावयाचे आहे.

कालिदासाच्या रघुवंशातील आठवा सर्ग वाचकांस परिचित असेल. नारदांच्या वीणेवरील पुष्पमाला इंदुमतीच्या अंगावर पडली आणि ती गतप्राण झाली. अजाने केलेला विलाप पाठशाळेत सर्वच शिकतात. आम्हांस मात्र त्यापुढील भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. वसिष्ठ यज्ञदीक्षेत असल्यामुळे त्यांनी शिष्याकरवी राजाला उपदेश पाठविला. उपदेश निर्दोष होता. देह नश्वर आहे, शोकाने गेलेले माणूस परत येत नाही, हे सर्व त्यात होते. अजाने तो नम्रपणे ऐकून घेतला. परंतु शोकाने भरलेल्या त्या हृदयात त्याला जागाच मिळाली नाही, आणि निरोप गुरूंकडे परत गेल्यासारखा झाला. पुढे पुत्र लहान म्हणून राजाने आठ वर्षे कशीबशी काढली. पत्नीची चित्रे पाहावी, स्वप्नातील भेटीवर समाधान मानावे, असा तो काळ गेला. अखेर त्याने गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवला.

हा कथाभाग आम्ही कीर्तनात कितीदा लावला असेल! तरीही त्या शिष्याची चूक आमच्या हातून घडलीच.

आमच्या साथीला अनेक वर्षे असलेल्या पेटीवाल्यांचा तरुण मुलगा रस्त्यावरील अपघातात गेला. आम्ही समाचारास गेलो, गीतेचा दुसरा अध्याय समजावून सांगितला, आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात घरी आलो. त्या दिवसापासून त्यांनी पेटी उघडली नाही. अपघात झालेल्या वळणावरून जाणे टाळण्यासाठी ते दोन मैलांचा वळसा घेत. मुलाच्या खोलीला कुलूप लावलेले. चार वर्षे अशी गेली. शेवटी त्यांच्या भाचीने त्यांना शहरातील एका समुपदेशिकेकडे नेले. आम्हांस हे कळले तेव्हा, खरे सांगावयाचे तर, थोडे वाईट वाटले. घरात इतके शास्त्र असता परक्या बाईपुढे दुःख मांडावयाचे कशाला? काही महिन्यांनी ते स्वतःच भेटावयास आले. म्हणाले, “बुवा, त्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, त्या दिवशी काय काय झालं ते सांगा. चार वर्षांत सगळ्यांनी मला सांगितलं. विचारलं कुणीच नव्हतं.”

त्यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले. इ. स. १९४२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन नगरातील एका नाचघराला आग लागून ४९२ माणसे दगावली. त्या दुर्घटनेतून वाचलेल्यांच्या आणि इतर शोकग्रस्तांच्या अवस्थेचे निरीक्षण करून एरिक लिंडेमन या मानसोपचारतज्ज्ञाने १९४४ मध्ये जो निबंध लिहिला, तो या शास्त्रातील आरंभीच्या महत्त्वाच्या निबंधांपैकी एक होय. शोक हा रोग नव्हे, हे आजचे तज्ज्ञही मानतात. बहुतेकांचा शोक घरच्यांच्या आधाराने आणि काळाने सौम्य होतो. त्यांना उपचारांची गरज नसते. पण वर्ष लोटले तरी तीव्रता तीच राहते, दैनंदिन व्यवहार ठप्प होतात, त्यास अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी २०२२ पासून स्वतंत्र विकार मानले आहे. प्रौढांसाठी त्यांची मर्यादा एक वर्षाची आहे. आपल्याकडेही मासिक श्राद्धे होत होत वर्षश्राद्धाशी एक टप्पा संपतो. हे साम्य पाहून आम्ही क्षणभर थांबलो.

न्यूयॉर्कच्या कॅथरीन शिअर यांनी अशा शोकासाठी सुमारे सोळा बैठकींची पद्धत बसविली आहे. मृत्यूच्या प्रसंगाची हकीकत डोळे मिटून सांगावयाची, ती ध्वनिमुद्रित करून घरी ऐकावयाची, टाळलेल्या जागी हळूहळू जावयाचे. पुढे एका बैठकीत गेलेल्या माणसाशी मनाने बोलावयाचे आणि त्याच्या वतीने उत्तरही आपणच द्यावयाचे. हे वाचताना आम्हांस दहाव्याचा घाट आठवला. पिंडाला कावळा शिवत नाही, सगळे ताटकळलेले असतात, मग घरातील कर्ता पुढे होऊन हात जोडतो आणि मोठ्याने म्हणतो, “धाकटीची काळजी करू नका, तिचं आम्ही सगळं करू.” मृताशी असे उघड बोलण्याची मुभा आपल्या पूर्वजांनी दिलेली आहे. आपण ती दहा मिनिटांत उरकतो, कारण पुढच्या पिंडाची पाळी असते.

या पद्धतीची २००५ मध्ये दुसऱ्या एका उपचाराशी तुलना झाली, तेव्हा शंभरांत ५१ जणांना चांगला गुण आला. दुसऱ्या उपचाराने २८ जणांना. म्हणजे सर्वांना गुण येतो असे नाही, आणि तसे कोणी सांगू लागल्यास सावध राहावे. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी करीत असेल, तर मात्र वर्षाची वाट न पाहता लगेच वैद्यकीय साहाय्य घ्यावे. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. ती विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

गतवर्षी पेटीवाल्यांकडे महालयाला आम्हांस बोलावणे होते. खोलीचे कुलूप निघाले होते. पानात खीर, वडे, आमसुलाची चटणी आणि शिवाय अळूवडी. ती मुलाला आवडे, असे वाढताना वहिनी म्हणाल्या. पूर्वीचे आम्ही असतो तर येथे एखादा श्लोक म्हटला असता. आम्ही विचारले, “तो पेटी वाजवायचा का हो?” पेटीवाले हात आवरून बसले आणि सांगू लागले. अन्न निवले, तरी कोणी त्यांना जेवा म्हटले नाही.