अणूंना चालताना पाहणारा हैदराबादचा गणिती : अनीसुर रहमान

आपल्याकडे शाळेच्या जलशात विज्ञानाचा विषय निघाला की वक्ते अल-ख्वारिज्मी, इब्ने सीना, इब्ने हैसम यांची नावं घेतात. घ्यायलाच हवीत. पण मागे नववीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, हे सगळे हजार वर्षांपूर्वीचे. नंतर कुणी झालंच नाही का?" मला पटकन एकही नाव आठवलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर.

ते नाव आहे अनीसुर रहमान. जन्म २४ ऑगस्ट १९२७, हैदराबाद. तेव्हा आपलं हिंगोलीसुद्धा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होतं. केंब्रिजला त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्र शिकलं, मग बेल्जियममधल्या लूवें विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. १९६० मध्ये ते अमेरिकेत शिकागोजवळच्या अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि पुढची २५ वर्षं तिथेच राहिले.

अडचण काय होती?

घन पदार्थात अणू नमाजच्या सफेसारखे ओळीत असतात. वायूत ते मधल्या सुट्टीतल्या पोरांसारखे मोकळे पळतात. या दोन्हींचं गणित कागदावर बऱ्यापैकी जमतं. द्रवाचं तसं नाही. द्रव म्हणजे हिंगोलीच्या दसऱ्याच्या मेळ्यातली गर्दी. ओळ नाही आणि मोकळीकही नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याला ढकलतो, शेजारी त्याला. एकाचा हिशेब करायला गेलं की सगळ्यांचा करावा लागतो.

रहमान यांनी तो हिशेब संगणकाकडून करून घेतला. १९६४ मध्ये त्यांनी द्रवरूप अर्गॉनचे ८६४ अणू घेतले, तापमान उणे १७९ अंश सेल्सिअसच्या आसपास. दोन अणू एकमेकांना किती ओढतात, किती ढकलतात याचं सूत्र आधीपासून होतं. ते वापरून प्रत्येक अणूवरचं बल काढायचं आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने तो अणू किंचित पुढे सरकवायचा. हा तोच नियम, जो आपण नववीला शिकवतो.

किंचित म्हणजे किती? एका सेकंदाचे एक लाख अब्ज तुकडे केले तर त्यातला एक. आणि ८६४ अणूंच्या जोड्या होतात ३,७२,८१६. लांबच्या जोड्या सोडून दिल्या तरी प्रत्येक पावलाला एवढं गणित हाताने कोण करणार?

आणखी एक पेच होता. एवढ्याशा डब्यात बरेच अणू भिंतीलगत येणार, मग खरा द्रव कसा दिसेल? त्यासाठी एक युक्ती वापरली जाते. अणू उजव्या भिंतीतून बाहेर गेला की डावीकडून आत येतो. म्हणजे भिंत उरतच नाही.

निष्कर्ष क्ष-किरणांच्या प्रयोगांशी चांगला जुळला. शिवाय प्रयोगात थेट न दिसणारी गोष्ट दिसली. अणू शेजाऱ्यांच्या कोंडाळ्यात सापडतो, धडकून मागे येतो आणि मग हळूहळू वाट काढतो. याआधी अ‍ॅल्डर आणि वेनराइट यांनी अणूंना टणक गोट्या मानून असं गणित केलं होतं. खऱ्याजवळ जाणारं बल वापरून द्रव उभा केला तो रहमान यांनी.

पुढे काय झालं?

१९७१ मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्यासोबत त्यांनी पाण्याचे २१६ रेणू असेच अभ्यासले. १९८० च्या सुमारास मिकेले पॅरिनेलो यांच्यासोबत अशी पद्धत काढली, जिच्यात डब्याचा आकारही बदलू शकतो. त्यामुळे दाबाखाली स्फटिकाची रचना कशी पालटते, ते संगणकावर पाहता येऊ लागलं. आज औषधाचा रेणू प्रथिनाला कसा चिकटतो हे तपासायला याच घराण्याच्या पद्धती वापरतात. कोरोना विषाणूच्या प्रथिनांचाही असा अभ्यास झाला.

१९८५ मध्ये ते मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. ६ जून १९८७ रोजी, वयाची साठ वर्षंही पूर्ण व्हायच्या आत, त्यांचं निधन झालं. अमेरिकन फिजिकल सोसायटी १९९३ पासून संगणकीय भौतिकशास्त्राचं बक्षीस त्यांच्या नावाने देते. १९९५ मध्ये ते पॅरिनेलो यांनाही, रॉबर्टो कार यांच्यासोबत, मिळालं.

आपल्यासाठी काय?

आज आपल्या खिशातला मोबाइल त्यांच्या त्या संगणकापेक्षा कितीतरी वेगवान आहे. असं गणित करणारी ग्रोमॅक्स, लॅम्प्स ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. कमी पडतं ते गणित. आपल्या घरांत अजूनही "मुलीला गणित कशाला?" असं सहज म्हटलं जातं. माझ्या वर्गातल्या त्या मुलीनेही दहावीनंतर गणित सोडल्याचं कळलं. तेव्हा मी एक नाव सांगितलं असतं तर काही बदललं असतं का, माहीत नाही. पण आता दरवर्षी नववीला न्यूटनचा दुसरा नियम शिकवताना मी फळ्यावर ८६४ हा आकडा लिहितो आणि जोड्या मोजायला सांगतो. उर्दू असो की मराठी माध्यम, इतर शिक्षकांनीही एकदा करून पाहावं. आणि पुढच्या जलशात इब्ने हैसमनंतर अनीसुर रहमान यांचंही नाव घ्यावं.