फुल लॉकला वाजतंय काय?

भारत-ब्रिटन व्यापार करारावर 24 जुलै 2025 रोजी सह्या झाल्या, आणि ॲस्टन मार्टिन, मॅक्लारेन, लोटस यांचं आयातशुल्क शंभराच्या वरून दहा टक्क्यांवर येणार म्हणून कारवेड्यांची बोटं हिशेब मांडू लागली. कोटा किती, टप्पे किती, हे अर्थपानांवर छापून झालंय. गाडी स्वस्त झाली तरी ती लोखंडवाल्याच्या नाहीतर मुलुंडच्या टॉवरच्या तळघरातूनच बाहेर निघणार, हे मात्र हिशेबात कुठे दिसत नाही. कोस्टल रोडवर ताशी 80 किलोमीटरची मुभा आहे खरी, पण तिथवर पोचेपर्यंत अंधेरीकराची स्पोर्ट्‌स कार लिंक रोडला रिक्षामागे रखडते. स्टेअरिंग वाजतं ते नेमकं अशा वेगात. पार्किंगमधून काढताना, यू-टर्नला, स्पीडब्रेकर तिरका घेताना.

तिरका घ्यावाच लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच. बऱ्याच स्पोर्ट्‌स कारच्या पोटाखाली जागा असते 11-12 सेंटीमीटर. (मापात बांधलेला स्पीडब्रेकर उपनगरात कुणाला सापडला तर त्याचा सत्कार करायला हवा.) एक चाक वर, दुसरं खाली आणि दोन्ही वळलेली, अशा अवस्थेत पुढचा प्रत्येक सांधा पिळला जातो.

एवढ्या महागड्या गाडीला स्कॅनर लावला की कळेलच, असं वाटतं. बहुतेक वेळा नाही कळत. विद्युत स्टेअरिंगची मोटर, कोनाचा सेन्सर, व्होल्टेज यांत बिघाड असेल तर कोड येतो. फाटक्या रबरी बुटातून पाणी शिरून कोरडा पडलेला बॉल जॉइंट, झिजलेला बुश, गंजलेलं बेअरिंग यांना सेन्सरच नसतो. पडद्यावर सगळं आलबेल आणि हाताला मात्र ठक्‌कन हिसका. मग 'या मॉडेलला एवढा आवाज असतोच' हे ठरलेलं उत्तर. कधी कधी ते खरंही असतं, ही खरी पंचाईत.

जुना मिस्त्री आधी इंजिन बंद करतो. एक जण स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहतो. दुसरा गाडीखाली आडवा होऊन टाय रॉड एंड, लोअर आर्मचा बॉल जॉइंट, स्टेअरिंगच्या दांड्याचा सांधा यांवर एकेक करून हात ठेवतो. ढिला सांधा कानाआधी बोटांना लागतो. इंजिन बंद असतानाही वाजतंय म्हणजे बेल्ट आणि पंप यांची सुटका झाली.

यानंतरची चाचणी माझ्या आवडीची, आणि ती फारसं कुणी करत नाही. व्हील अलाइनमेंटवाल्याकडे पुढच्या चाकांखाली सरकवायच्या गोल फिरत्या तबकड्या असतात. उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवलं की टायर जमिनीवर घासतो आणि त्या किरकिरीत बाकी सगळं बुडून जातं. तबकडीवर चाक अलगद वळतं. आवाज गेला तर संशय टायर आणि फरशीवर; राहिला तर सांध्यांवर. ताण कमी झाल्याने एखादा दोषी सांधाही गप्प बसू शकतो, म्हणून हाताची तपासणी टाळायची नाही.

मारुतीवर तयार झालेला हात इथे फसतो. वळताना कटकट झाली की 'ॲक्सल गेला' हा निदानाचा पहिला शब्द. पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या पोर्शे 911 ला पुढे ॲक्सलच नसतो. वळताना स्प्रिंग 'टण्ण' करून सुटली, तर स्ट्रटच्या माथ्यावरचं बेअरिंग अडकलेलं असू शकतं. पण ज्या गाड्यांना पुढे डबल विशबोन आहेत, त्यांची स्प्रिंग चाकाबरोबर फिरतच नाही, मग ते बेअरिंग कुठून येणार? 2021 च्या 911 जीटी3 मध्ये पोर्शेने स्ट्रट सोडून डबल विशबोन घेतले. काही गाड्यांत कमी वेगाला मागची चाकंही उलट दिशेने वळतात. तिथे पुढे कान लावून बसलात तर दिवस गेला. मॅक्लारेनने हायड्रॉलिक स्टेअरिंग सोडलेलं नाही. त्याचा विजेवरचा पंप पार्किंगमध्ये गुणगुणला तर घाबरायचं कारण नाही.

फुल लॉकला, म्हणजे स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवल्यावर, पुढची चाकं टणाटण उड्या मारतात, तेही अनेकदा बिघाड नसतं. वळताना आतल्या चाकाने बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. रुडॉल्फ ॲकरमनने 1818 मध्ये पेटंट घेतलं ते याच भूमितीचं. वेगवान वळणासाठी जुळवलेल्या गाडीत फुल लॉकला हे गणित बिनसतं आणि रुंद टायर घसरत उड्या मारतात. साधारण 7 अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, तेव्हा हे फार जाणवतं. सांताक्रूझचा नीचांक 7.4 अंश, तोही 1962 च्या जानेवारीतला. त्यामुळे इथे थंडीला दोष देऊ नये. सोसायटीने तळघरात मारलेला गुळगुळीत इपॉक्सी बघावा.

पावसात फसगत वेगळीच. रबरी बुशची कुरकुर पाण्याने थांबते आणि मालकाला वाटतं, गाडी आपोआप सुधारली. ऊन पडलं की पुन्हा सुरू. याचाच उपयोग करून एकेका बुशवर पाणी मारावं. ज्याने आवाज थांबला तो चोर. खनिज तेलाचा फवारा मात्र मारू नये, रबर फुगतं. खड्ड्यात आपटल्यावर चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर निसटून टायरला लागतं, त्याचीही खर्रखर्र असते. घासल्याची चकचकीत खूण टॉर्चने दिसते.

हे काहीही न बघता 'स्टेअरिंगचा रॅक बदलावा लागेल' असं एस्टिमेट हातात पडलं, तर सही करू नका. रॅक ही आयात करायची, महागडी वस्तू आहे आणि बुश, टाय रॉड एंड त्यामानाने किरकोळ. आपल्यासमोर गाडी तबकड्यांवर चढवा म्हणावं, आणि रॅकमध्ये नेमका कुठे खेळ आहे ते बोट लावून दाखवा म्हणावं.